मोगऱ्याचा वास कळीत नसतोच

दुपारी बाराच्या सुमारास मोगऱ्याची एक कळी खुडून पाहा. टपोरी, पांढरीशुभ्र, आज रात्री नक्की उमलणार अशी निवडा आणि नाकाशी धरा. फार तर ओल्या पानासारखा हिरवट वास येईल. मग ती बशीत ठेवून कामाला लागा. दिवेलागणीनंतर पाकळ्या सैल होतात आणि रात्री नऊ-दहापर्यंत ती एकटी कळी आख्ख्या खोलीला पुरते. झाडापासून तोडून नऊ-दहा तास झालेले असतात. ना मूळ, ना पान, ना पाणी.

मग दुपारी हा वास होता कुठे?

कुठेच नव्हता, हे त्याचं खरं उत्तर. आपण फुलाला अत्तराच्या कुपीसारखं समजतो: वास आत भरलेला, बूच निघालं की बाहेर. काही फुलं थोडीफार तशी असतातही. मोगरा मात्र चुलीसारखा आहे. चूल पेटलेली आहे तोवरच ऊब. वास तयार होतो, लगेच उडून जातो, पुन्हा तयार होतो. फूल जिवंत आहे तोवर हे काम चालतं, फूल मेलं की थांबतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की मोगऱ्याबद्दलचे बाकीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. कधी खुडायचा, तेलात उकळला तर वास का जातो, फ्रिजमध्ये का कोमेजतो, कुंडीला ऊन का लागतं आणि छाटणी का करायची, या सगळ्यांची मुळं तिथेच आहेत.

आत नेमकं काय घडतं?

मोगऱ्याचा वास म्हणजे एक पदार्थ नव्हे. हवेत सहज उडणाऱ्या अनेक रेणूंचं ते मिश्रण असतं. त्यात लिनालूल आहे, जे लव्हेंडरमध्येही सापडतं. बेंझिल अ‍ॅसिटेट आहे, ज्याला गोडसर, किंचित केळ्याकडे झुकणारा वास असतो. मिथाइल अँथ्रानिलेटमुळे द्राक्षासारखी झाक येते. फार्नेसीनसारखे हिरवट वासाचे रेणू आहेत. आणि इंडोल आहे, जो विष्ठेतही असतो. हे वाचून नाक मुरडू नका. इंडोल भरपूर असला की घाण वाटतो, पण अगदी थोडा असला की बाकीच्या गोडव्याला खोली देतो. तो काढून टाकला तर मोगऱ्याचा वास साबणासारखा पातळ आणि सपाट लागतो. पहाटेकडे शिळ्या होत चाललेल्या फुलांचा वास जड का वाटतो याचा थोडा उलगडाही यातून होतो: सहज उडणारे गोड रेणू आधी निघून जातात, इंडोलसारखे सावकाश उडणारे रेणू रेंगाळतात.

यातले काही रेणू कळीत आधीपासून असतात, पण साखरेला बांधलेले. साखरेच्या रेणूशी जोडलेला सुगंधी रेणू जड होतो, पाण्यात विरघळतो आणि हवेत उडत नाही, म्हणून त्याचा वासही येत नाही. कळी उमलू लागली की पाकळ्यांमधली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ही गाठ सोडवतात आणि रेणू मोकळा होतो. बाकीचे रेणू त्याच वेळी पाकळीच्या पेशींत नव्याने घडवले जातात. त्यासाठी लागणारी ऊर्जा कळीने स्वतःत साठवलेल्या साखर-पिठातून येते. म्हणूनच तोडलेली कळीही रात्री आपलं काम पूर्ण करू शकते. ती डबा घेऊन निघालेली असते.

हे सगळं रात्रीच का? पांढरा रंग आणि रात्रीचा दरवळ ही निशाचर पतंगांना बोलावण्याची जुनी रीत आहे. दिवसा वास उधळून झाडाला काही मिळणार नसतं. त्यामुळे वासाचं काम अंतर्गत घड्याळाला बांधलेलं आहे. गंमत अशी की आपण लावतो त्या दुहेरी, भरगच्च मोगऱ्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्यांना ना पराग ना बी. पतंग आला काय आणि न आला काय, सारखंच. घड्याळ मात्र चालूच आहे.

ओळख पटवून घ्या

मोगऱ्याचं शास्त्रीय नाव जास्मिनम सॅम्बॅक. १७५३ मध्ये स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने त्याला निक्टॅन्थस या कुळीत घातलं होतं, म्हणजे ‘रात्रीचं फूल’. प्राजक्तही त्याने त्याच कुळीत ठेवला होता. पुढे १७८९ मध्ये ब्रिटनमधले वनस्पतितज्ज्ञ विल्यम एटन यांनी मोगरा उचलून जाई-जुईच्या पंगतीत बसवला आणि प्राजक्त जुन्या घरी राहिला. दोघं आजही दूरचे नातेवाईक आहेतच, कारण दोघांचं मोठं कुटुंब ऑलिव्हचं. ‘सॅम्बॅक’ हा शब्द अरबी ‘झंबक’वरून आला, आणि मध्ययुगीन अरबीत त्याचा अर्थ होता अशा फुलांचं सुगंधी तेल. झाडाला नाव मिळालं तेही फुलापेक्षा त्यातून पकडलेल्या वासावरून.

जाईचं पान संयुक्त असतं, एका देठावर अनेक पर्णिका. मोगऱ्याचं पान साधं, अंडाकृती, चकचकीत असतं आणि पानं समोरासमोर जोडीने येतात, कधी एका पेरावर तीन. ही समोरासमोरची जोडी लक्षात ठेवा, छाटणीत उपयोगी पडणार आहे.

एकेरी मोगऱ्याला पाकळ्यांचा एकच फेर असतो. फुलं भरपूर येतात आणि चहाला किंवा तेलाला तीच सोयीची. लांबट, टोकदार कळीचा मदनबाण वेगळा. गोल, गच्च, लहान गुलाबासारखा दिसणारा बटमोगरा वेगळा. बटमोगरा दिसायला राजस, पण वाढायला आळशी. त्याची फुलं गळून पडण्याऐवजी फांदीवरच तपकिरी होऊन वाळतात, ती हाताने काढावी लागतात. पहिलंच झाड लावणार असाल तर एकेरी किंवा साधा दुहेरी घ्या. बटमोगऱ्याच्या मोहात पहिल्याच वर्षी पडू नका.

एक इशारा महत्त्वाचा. दुहेरी तगर लांबून हुबेहूब मोगऱ्यासारखी दिसते आणि तिला वासही असतो. पान तोडून पाहा. देठातून पांढरा चीक आला तर ती तगर, मोगऱ्याला चीक नसतो. रातराणीच्या नावातही अनेक भाषांत ‘जास्मिन’ येतं, पण ती वेगळ्याच कुळातली आहे. तगर आणि रातराणी दोन्ही पोटात जाण्याच्या लायकीच्या नाहीत. चहात किंवा पिण्याच्या पाण्यात फूल घालणार असाल तर ही खात्री आधी.

लावणं आणि वाढवणं

मोगरा उष्ण हवेतला. थंडी वाढली की वाढ मंदावते, तापमान दहा अंशांच्या आसपास आलं की झाड झोपल्यासारखं होतं आणि दहिवराचा कडाका पडला तर कोवळे शेंडे जळतात. जिथे हिवाळा कडक आहे तिथे कुंडीत लावून त्या दिवसांत आत घेणं बरं.

ऊन सहा तास तरी थेट पडायला हवं. यावर तडजोड नाही. कळीने डबा भरून घ्यायचा तर तो डबा उन्हातच शिजतो. सावलीतला मोगरा मरत नाही, उलट छान हिरवागार दिसतो, लांब लांब वेलासारख्या फांद्या टाकतो, आणि कळी देत नाही. ‘झाड मस्त आहे पण फुलं नाहीत’ या तक्रारीचं पहिलं कारण बहुतेक वेळा खिडकीच्या दिशेत सापडतं.

माती निचऱ्याची हवी. कुंडी बारा ते चौदा इंच, तळाला भोकं मोकळी. बागेची माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि जाडी वाळू असं मिश्रण पुरतं. पाणी द्यायच्या आधी बोट मातीत खुपसा. वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी द्या, आणि दिलं की तळातून वाहेपर्यंत द्या. शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द इथे फार कामाचा आहे: माती ओलसर आहे पण चिकट नाही, तिच्यात हवाही आहे. मोगऱ्याला कायम वाफसा हवा. चिखलात त्याची मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. मग माणूस आणखी पाणी घालतो. कुंडीतले मोगरे तहानेपेक्षा प्रेमानेच जास्त मरतात.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, निदान नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या. नत्र पानं वाढवतं. युरियाची मूठ टाकली की आठवड्यात झाड तरारतं आणि महिनाभर नुसती पानं देतं. फुलांच्या हंगामात स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) असलेलं संतुलित खत महिन्यातून एकदा थोडंसं, आणि अधूनमधून मूठभर गांडूळखत, एवढं पुष्कळ झालं.

आता छाटणी. इथे जरा थांबू, कारण लोक इथेच अडतात. मीही अडलो होतो. माझ्या पहिल्या मोगऱ्याने दोन वर्षं तुरळक फुलं दिली, कारण हिरव्या फांदीला कात्री लावायचा मला धीर होत नव्हता.

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येते. जुन्या लाकडावर नाही. म्हणजे जितके नवे शेंडे, तितके कळ्यांचे झुबके. साध्या झुबक्यात तीन कळ्या असतात आणि मधली आधी उमलते. झुबका उमलून संपला की त्या शेंड्याचं काम संपलं, पण शेंडा तिथे आहे तोवर खालचे डोळे, म्हणजे पानाच्या बगलेतले न फुटलेले कोंब, झोपून राहतात. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक त्यांना दाबून ठेवतं. शेंडा कापला की हा दाब उठतो, आणि पानं समोरासमोर असल्यामुळे कापाखालच्या पेरावरचे दोन्ही डोळे जागे होतात. एका शेंड्याचे दोन होतात. ते फुलून संपले की पुन्हा कापा, चार होतात. चार शेंडे म्हणजे चार झुबके, म्हणजे निदान बारा कळ्या. हा हिशेब एकदा नीट समजला आणि माझा कात्रीचा धाक गेला.

तेव्हा दोन प्रकारची छाटणी करायची. एक मोठी, वर्षातून एकदा, थंडी ओसरून उबदार दिवस सुरू होण्याच्या सुमारास. आधी आठवडाभर पाणी कमी करून झाडाला ताण द्या. कुंडीतल्या झाडाला हा ताण बेताचा, पानं जराशी मलूल दिसेपर्यंतच. मग वाळक्या, रोगट, आत वळलेल्या फांद्या पूर्ण काढा आणि उरलेल्या एक तृतीयांश ते निम्म्याने कापा. वरची माती हलकेच उकरा, खत घाला, भरपूर पाणी द्या. पंधरवड्यात डोळे फुगतात आणि पुढच्या काही आठवड्यांत नव्या फुटव्यांवर कळ्या दिसू लागतात. दुसरी छाटणी लहान: प्रत्येक बहर संपला की फुलून गेलेल्या झुबक्याखालची दोन-तीन पेरं कापणं. ही दर वेळी. आळस केला तर पुढचा बहर त्या प्रमाणात रोडावतो.

रोपं करायची तर बियांच्या नादी लागू नका. लागवडीतला मोगरा क्वचितच बी धरतो, आणि भरगच्च प्रकारांना तर ते शक्यच नाही. छाटणीतल्या पेन्सिलएवढ्या जाड, अर्धवट पिकलेल्या फांद्यांचे बोटभर लांब, तीन-चार पेरांचे तुकडे घ्या. खालची पानं काढा, दोन पेरं ओलसर वाळू-मातीत खुपसा आणि सावलीत ठेवा. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. तुकडा उलटा खुपसू नका. सांगायला हास्यास्पद वाटतं, पण पानं काढल्यावर वरचं-खालचं कळेनासं होतं, म्हणून कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवावा. ज्यांना खात्रीच हवी त्यांनी दाब कलम करावं: जमिनीलगतची फांदी वाकवून तिच्या सालीला थोडी इजा करायची, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवायचा आणि दोन-तीन महिने विसरून जायचं. फांदी आईचं पाणी पीत पीत स्वतःची मुळं काढते. नव्या रोपावर पहिल्या काही महिन्यांत आलेल्या कळ्या खुडून टाका. जिवावर येतं, पण मुळांना वेळ मिळतो.

पानं पिवळी पडण्याची कारणं पानाच्या जागेवरून ओळखता येतात. खालची, जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे किंवा मुळात पाणी साचलंय. वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत किंवा जड पाण्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही. फेरस सल्फेट लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारलं की काही दिवसांत नव्या पानांना रंग येतो. कायमचा उपाय मात्र मातीत सेंद्रिय खत वाढवणं हाच.

किडींमध्ये तीन लक्षात ठेवण्यासारख्या. उन्हाच्या कोरड्या दिवसांत पानाखाली लाल कोळी येतात. पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळं दिसतं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू दोन-तीन दिवसांआड धुतली की निम्मं काम होतं. कळी पोखरणारी अळी कळीला भोक पाडून आतून खाते आणि शेजारच्या कळ्या धाग्याने गुंडाळते. तिसरी आहे कळीमाशी, डासाहूनही लहान. तिच्या अळ्यांमुळे कळी बुडाशी सुजते, जांभळट होते आणि न उमलताच गळते. ‘कळ्या गुलाबी होऊन पडतात’ म्हणून खत घालत बसणाऱ्यांनी एक कळी फोडून आत पाहावं. या दोन्हींवर पहिला इलाज म्हणजे खराब कळ्या रोज वेचून नष्ट करणं, कुंडीतल्या मातीवर पडू न देणं. त्यानंतर निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घोळून संध्याकाळी. फवारा आत लपलेल्या अळीपर्यंत पोचत नाही, म्हणून वेचण्याला पर्याय नाही.

खुडण्याची वेळ

आता चुलीकडे परत येऊ. कळी खुडायची ती पूर्ण वाढलेली, हिरवट झाक जाऊन दुधासारखी पांढरी झालेली, पण मिटलेली. हिरवट कळीचा डबा भरलेला नसतो. तोडल्यावर ती उमलत नाही, नुसती सुकते. उमललेलं फूल सकाळी तोडलं तर रात्रभराचा वास हवेत गेलेलाच असतो, उरते ती राख. एका फुलाचं आयुष्य साधारण एक दिवस आणि त्यातही पहिली रात्र खरी. म्हणून आज रात्री वास हवा तर आज सकाळी किंवा दुपारी कळी.

खुडलेली कळी श्वास घेत असते. हवाबंद पिशवीत कोंबली तर तिला प्राणवायू मिळत नाही, पिशवीत उष्णता आणि ओल साचते आणि दोन-तीन तासांत आंबूस वास येऊ लागतो. टोपलीत, ओलसर फडक्याखाली, पातळ थरात ठेवा. थंडाव्यात उमलणं रेंगाळतं, त्यामुळे काही तास पुढे ढकलायचं असेल तर गार जागा ठीक. पण फार थंडीत कळी दबून जाते आणि बाहेर काढल्यावरही धड उमलत नाही. विकरांना ऊब लागते.

वास धरून ठेवायचा कसा?

एकदा मी उत्साहात मूठभर मोगरा खोबरेल तेलात मंद आचेवर तासभर उकळला. घरभर सुरेख दरवळ सुटला. तेल गार झाल्यावर त्याला उकडलेल्या पालेभाजीचा वास होता. कारण आता उघड आहे. उष्णतेने विकरं मेली, म्हणजे नवा वास बनणं थांबलं. जो होता तो दरवळ म्हणून उडून गेला. घरभर पसरलेला तो सुगंध म्हणजे माझ्या तेलाचं नुकसान होतं.

वाफेच्या ऊर्ध्वपातनाने गुलाबाचं किंवा लव्हेंडरचं तेल निघतं, जाई-मोगऱ्याचं समाधानकारक निघत नाही, त्याचंही हेच कारण. म्हणून जुन्या काळी फ्रान्समधल्या ग्रास गावच्या अत्तरकारांनी जाईसाठी वेगळी वाट धरली होती. काचेच्या तावदानावर बिनवासाच्या चरबीचा थर द्यायचा, त्यावर ताजी फुलं मांडायची, चोवीस तासांनी ती काढून नवी मांडायची. असं आठवडेच्या आठवडे, चरबी वासाने भरून जाईपर्यंत. या रीतीला आंफ्लुराज म्हणतात. भारतात तीळ आणि फुलांचे थर एकावर एक रचून मग ते तीळ गाळण्याची रीत त्याच तत्त्वावरची. तेलकट पदार्थ वासाचे रेणू शोषून घेतो, आणि मुख्य म्हणजे फूल मरत नाही. विसाव्या शतकाच्या तोंडाशी आल्बर्ट हेसे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जाईच्या फुलांवर मोजमाप केलं. त्यांना आढळलं की द्रावकात, म्हणजे वास विरघळवून घेणाऱ्या द्रवात, बुडवून एकदम काढलेल्या तेलापेक्षा चरबीवर पसरलेली तितकीच फुलं कितीतरी पट जास्त सुगंधी तेल देतात. कारण द्रावक फुलाला तिथल्या तिथे मारतो, त्या क्षणी जेवढं होतं तेवढंच मिळतं. चरबीवरचं फूल रात्रभर काम करत राहतं.

आज व्यापारी पातळीवर तरीही द्रावकच वापरतात, कारण आंफ्लुराजला माणसं आणि वेळ फार लागतो. हेक्सेनसारख्या द्रावकाने फुलं धुतली की मेणकट ‘काँक्रीट’ मिळतं, आणि त्यातलं मेण अल्कोहोलने वेगळं केलं की ‘अ‍ॅब्सोल्यूट’. हजार किलो फुलांतून काँक्रीट जेमतेम एक-दोन किलो निघतं आणि अ‍ॅब्सोल्यूट त्याहून कमी. त्यामुळे स्वस्तातली ‘मोगरा’ अगरबत्ती किंवा फवारा नाकाशी आला की समजावं, यात बेंझिल अ‍ॅसिटेट आहे, मोगऱ्याशी त्याची भेट झालेली नसावी. वाईट असतं असं नाही. पण त्यात इंडोलची खोली नसते आणि दोन मिनिटांत ते नाकाला कळतं.

घरी करायचं तर थंड पद्धतीनेच. उथळ काचेच्या भांड्यात बोटभर खोली होईल इतकं शुद्ध, वासाने मंद असलेलं तेल घ्या. संध्याकाळी उमलू लागलेली, वरून पूर्ण कोरडी फुलं त्यावर पसरा. देठ आणि हिरवी पुष्पकोशं काढून टाका, नाहीतर गवताचा वास उतरतो. झाकण सैल ठेवा. सकाळी फुलं गाळून घ्या, पिळू नका, कारण पिळलं की पाणी उतरतं आणि तेल खवट होतं. संध्याकाळी नवी फुलं. सात-आठ रात्रींत तेलाला खरा वास येतो. पहिल्या दोन-तीन रात्रींनंतर निराश होऊन सोडणारे बरेच असतात.

फुलांचा एक वापर मात्र वासाशी संबंधित आहे की नाही हेच नक्की नाही. बाळंतपणानंतर दूध थांबवायचं असेल तेव्हा छातीवर मोगऱ्याची फुलं बांधण्याची पद्धत दक्षिण भारतात जुनी आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात या फुलांची तुलना ब्रोमोक्रिप्टीन या औषधाशी केली गेली. दोन्ही गटांत प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारं संप्रेरक कमी झालं. औषधाने ते जास्त उतरलं, पण दूध आटण्याच्या बाबतीत फुलं औषधाच्या जवळपास राहिली. अभ्यास लहान होता, तेव्हा हा घरगुती उपचाराचा सल्ला समजू नका. पण जिला बाळाला पाजायचं आहे तिने ती फुलं छातीवर बांधू नयेत, एवढी काळजी शहाणपणाची.

आणि चहा. चीनमधल्या फूजौ भागातली मोगरा आणि चहाची एकत्रित शेतीपद्धत २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतली. तिथली चहा सुवासिक करण्याची रीत म्हणजे या लेखात आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या गोष्टींचं प्रात्यक्षिकच. कळ्या दुपारी खुडतात. आधी पसरून गार करतात, मग ढीग करतात. श्वसनाने ढीग आतून तापतो आणि त्या उबेने कळ्या एकदम उमलू लागतात. त्याच वेळी त्या कोरड्या चहात मिसळतात. कोरडी चहापत्ती ओल आणि वास दोन्ही ओढून घेते. मध्यरात्री ढीग फार तापला तर फुलं गुदमरतील, म्हणून तो पसरून हवा देतात आणि पुन्हा रचतात. सकाळी फुलं चाळून काढतात, चहा परत सुकवतात. उत्तम प्रतीच्या चहासाठी हे चक्र पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या कळ्यांनी.

घरी याची छोटी आवृत्ती करता येते. फवारणी न केलेल्या झाडाच्या कळ्या हव्यात, माळेसाठी विकत मिळणारी फुलं नकोत, कारण ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात. साध्या हिरव्या चहाच्या वजनाच्या निम्म्याने कळ्या घ्या, उमलू लागल्या की चहात मिसळा, झाकून ठेवा, झोपण्यापूर्वी एकदा वरखाली करा. सकाळी उठल्याबरोबर चाळा आणि चहा अगदी मंद उष्णतेवर खडखडीत सुकवा. चाळायला उशीर केला तर मेलेल्या फुलांचा कुबट, कडवट वास चहात उतरतो. उत्तम मोगरा-चहात म्हणूनच पाकळी सहसा दिसत नाही. पाकिटावर ‘मोगरा’ लिहिलेलं आहे आणि आत पांढऱ्या पाकळ्या भरपूर आहेत, तर त्या बहुतेक शोभेसाठी वरून घातलेल्या असतात. वास द्यायचं त्यांचं काम त्या उमलल्या त्या रात्रीच संपलं.